रोजच्या वापराची गाडी

"रोजच्या वापराला हीच घ्यायची," असं नवऱ्याने जाहीर केलं, तेव्हा बाईंनी साधी गाडी घ्या म्हणून हात जोडले होते. पण हौसेपुढे कुणाचं चालतं? टर्बो बसवलेली, जमिनीला टेकायला आलेली ती गाडी दारात आली आणि बाईंचं चालणं वाढलं.

आज ग्रंथपालाच्या जागेसाठी त्यांची मुलाखत होती. इतकी वर्षं सहायक म्हणून धूळ झटकल्यावर कुठे बोलावणं आलं होतं.

"चल, उडवतच नेतो," म्हणत नवरा गाडी चालू करून नुसताच बसून राहिला.

"अहो, निघा ना!"

"इंजिन गरम होऊ दे. नाहीतर टर्बो जातो."

"आणि माझी नोकरी गेली म्हणजे?"

एकदाचे निघाले, तर कोपऱ्यावरच गतिरोधक.

"उतर जरा, गाडीचं पोट घासतंय."

बाई उतरल्या, चालल्या, पुन्हा बसल्या. पुढच्या गतिरोधकाला तेच. तिसऱ्याला मात्र त्या उतरल्या त्या परत बसल्याच नाहीत. पदर खोचून तरातरा चालत वेळेत पोचल्या.

मुलाखत रंगात आली आणि खिडकीखाली फटाफट बार उडाले. अध्यक्ष खुर्चीतच दचकले.

"ग्रंथालयासमोर हा कोण गाढव?"

बाईंनी वाकून पाहिलं. धुराच्या नळीतून बार काढणाऱ्या गाडीतून डोकं काढून नवरा प्रेमाने हात हलवत होता.

"कोण जाणे," म्हणत त्यांनी खिडकी लावून घेतली. "मला घेतलंत, तर आधी याचाच बंदोबस्त करते."