दगडीचं वजन

आमच्या सास्तूर गावात माणूस एकवेळ स्वतःचं वय खरं सांगंल, पण शेळीचं वजन खरं सांगायचा न्हाय. जनावर चांगलं हाय असं तोंडातनं निघालं की नजर लागलीच म्हणून समजा. कुणाच्या बी दावणीला जाऊन इचारा, "शेळी कशी हाय?" उत्तर एकच. "काय सांगू, हाडाची मोळी हाय. आज हाय, उद्या न्हाय." आन ती हाडाची मोळी तेवढ्यात कुंपण टपून शेजाऱ्याची तूर खात असती.

म्या व्यंकट. गावातल्या शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं काम आठ वर्सं म्या केलं. जनावराच्या दवाखान्यातनं पांढऱ्या औषधाची बाटली यायची, संगं बिनसुईची पिचकारी. वजनाप्रमाणं पाजा, असं बाटलीवर लिवलेलं. मंग म्या इचारायचो, "मामी, किती किलोची?" मामी म्हणायची, "आसंल पंधरा." गाभण शेळी पंधरा, माजलेलं बोकड बी पंधरा. म्या पंधराचंच पाजायचो. त्यात परत बाटली समद्या गल्लीला पुरवायची. लग्नात शेवटच्या पंगतीला वरण कमी पडू नये म्हणून वाढपी पहिल्यापासनंच पळी अर्धी भरतो का न्हाय? तसा माझा बी हात राखून. कुणी उपाशी राह्यलं न्हाय. जंत बी उपाशी राह्यले न्हाईत.

लोक मला डॉक्टर म्हणायचे. मला बरं वाटायचं, हे बी खरं हाय.

आमच्या गल्लीच्या टोकाला सिताकाकू ऱ्हाती. सत्तरीची, एकटी. त्र्याण्णवच्या भूकंपात घर अंगावर आलं तवा तिची शेळी ढिगाऱ्यावर हुबी राहून वरडत व्हती. त्या वरडण्यावरनं लोकांनी तिथंच खणलं आन काकू जिती निघाली. नवरा न्हाय निघाला. नव्या गावठाणात पत्र्याच्या शेडमधी काकू आली ती एक पातेलं आन ती शेळी घेऊन. पुढं त्या शेळीची लेक, लेकीची लेक, असा वंश तिनं तीस वर्सं चालवला. बोकडं बाजारात जायची, लेकी घरातच ऱ्हायच्या. "हिच्या पणजीनं मला वर काढलं," काकू सांगायची. "हिचा वंश बुडाला तर म्या परत मातीतच."

त्या वंशातली देखणी म्हंजे दगडी. नाव मुद्दाम दगडी ठिवलेलं, कुणाची नजर पडू नये म्हणून. काळी कुळकुळीत, कान वीतभर लांब, चालली की पाठीवरनं ऊन घसरावं. काकू तिचं वजन सांगायची अठरा किलो. पस्तिसाच्या खाली नव्हती. एकदा उचलली तर माझी कंबर दोन दिवस साक्ष देत व्हती. पर म्हातारीचं मन कशाला मोडा? म्या अठराचंच पाजलं. त्यातबी हात राखून.

गेल्या पावसाळ्यानंतर शेळ्यांच्या जबड्याखाली सूज दिसायला लागली, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी. पहिल्यांदा दिसली भागवतच्या शेळ्यांना. भागवत म्हंजे माझा शेजारी, कशातबी मोठेपणा हुडकणारा गडी. मला हळूच कानात म्हणला, "व्यंकट, कुणाला सांगू नको, शेळ्या अंग धरायल्यात. गळ्याला मांस चढायलंय." तिसऱ्या दिवशी ते मांस शेळ्यांसकट मेलं. म्या पिचकारी घेऊन पळालो. पाजलं. आठ दिवसांनी परत पाजलं. पाणी पाजलं असतं तरी तेवढाच गुण आला असता. सिताकाकूच्या अकरा शेळ्यांतल्या धा महिन्याभरात गेल्या. उरली एकटी दगडी, ती बी गाभण.

तवा दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, शिवांजली नावाच्या. त्यांनी दगडीची खालची पापणी बोटानं ओढली आन समद्यांना दावली. "आतून लाल पाहिजे. ही पांढरी आहे. पोटात केसासारखे बारीक जंत चिकटून रक्त पितायत."

ही इद्या गावानं लगीच उचलली. दोन दिवस जो तो एकमेकाची पापणी वढायलाय. गल्लीतल्या मथुराबाईनं सुनंची वढली, तर ती शेळीपेक्षा पांढरी निघाली. मथुराबाई घाबरली, मंग म्हणली, "हिला बी दवाखान्यात न्यावं लागंल. पर आदी शेळी."

डॉक्टरीणबाईंनी लेंड्या तपासाय मागितल्या. भागवतनं घरातला तुळजापूरच्या पेढ्याचा रिकामा डबा घेतला, लेंड्या भरल्या, वर झाकण लावून दोरी बांधली आन दवाखान्यात टेबलावर ठिवला. तिथल्या शिपायानं डबा बघितला, डोळे मिटले, हात जोडले आन परसाद घेतला. बिचाऱ्यानं नंतर आठ दिवस चहा बी पिला न्हाय. तरी लेंड्या तपासायपुरत्या उरल्या, ही आईची किरपा.

बाईंनी पांढऱ्या औषधाच्या आदी तपासल्या, पाजल्यावर चौदा दिवसांनी परत तपासल्या. मंग मला बोलावलं.

"जंतांची अंडी जेवढी आधी होती, तेवढीच आताही आहेत. व्यंकटराव, तुम्ही एका शेळीला किती पाजत होता?"

म्या खरं ते सांगितलं. पंधरा किलो, अठरा किलो, राखलेला हात, समदं. बाई म्हणल्या,

"अर्ध्या औषधानं कच्चे जंत मेले, पक्के उरले. पुढची पिलावळ त्या पक्क्यांचीच झाली. आठ वर्षं तुम्ही जंतांना मारलं नाही, शिकवलंत."

"म्हंजे शाळाच काढली म्हणा की म्या."

"हो. आणि शंभर टक्के निकाल लागलाय."

म्या हसाय गेलो, पर बाई हसत नव्हत्या.

मंग त्यांनी दुसऱ्या जातीचं औषध आणलं, पिवळं. म्हणल्या, "हे कमी पडलं तर हेही पचवायला शिकतील. जास्त झालं तर शेळी थरथर कापून जाईल. काट्यावर वजन केल्याशिवाय एक थेंब मिळणार नाही."

गावात काटा एकच, शेळ्यांचा यापारी बब्रुवान, त्याचा. त्यानं तो शाळंम्होरच्या लिंबाच्या फांदीला टांगला, खाली गोणपाटाची झोळी. समदं गाव जमलं, पर झोळीत शेळी घालाय कुणी फुडं हुईना. जितं जनावर काट्याला लागतंय ते फक्त इकताना, आन त्याच्या फुडं सुरीच असती.

बाईंनी भागवतला धरलं. "तुमचा बोकड किती किलोचा?"

"मरतुकडं हाय ओ. बावीस आसंल."

चौघांनी मिळून बोकड झोळीत घातलं. काटा बावन्नावर थांबला.

"भागवतराव, मरतुकड्यानं फांदी वाकवली की!" बब्रुवान वरडला आन त्याच्या डोळ्यांत असा उजेड पडला की भागवतनं तिथंच तीनदा थुंकून मीठ मागवलं. मीठ हातात पडतंय तंवर बोकड झोळीसकट उधळलं. फुडं गोणपाट घातलेलं बोकड, मागं मुठीत मीठमोहऱ्या घेतलेला भागवत, त्याच्या मागं झोळीसाठी बब्रुवान. बोकड पार येशीपर्यंत पळालं. गाव पोट धरून हसलं. कितीक दिवसांनी हसलं.

मंग भीड चेपली. पंधराच्या तीस निघाल्या, वीसच्या चाळीस. एकेकाचं आठ वर्साचं खोटं लिंबाला लटकायलं. म्या पिचकारी भरत गेलो, आन दर टायमाला पिचकारी जास्त भरताना माझी मान खाली जात गेली.

शेवटी सिताकाकू. दगडीच्या गळ्यात काळा दोरा, अंगावर फाटकी शाल.

"म्या टांगणार न्हाय. खाटीक टांगतो जित्याला."

"आजी, गाभण आहे ती. औषध नाही मिळालं तर वाचणार नाही," बाई म्हणल्या.

"मंग तसंच द्या. अठरा किलो हाय."

"मागच्या वर्षी किती होती? खरं सांगा."

काकूनं भवताली बघितलं. समदं गाव दगडीकडं बघत व्हतं. आत्ताच बावन्न किलोला हसलेलं गाव.

"अठराच."

म्या तोंड उघडलं. काकूनं माझ्याकडं बघितलं, "व्यंक्या!" म्या मिटलं. बाईंनी लई समजावलं, पर बिनवजनाचं द्यायला त्या तयार हुईनात, आन काकू टांगायला. काकू दगडीला शालीत लपेटून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी भागवतचं बोकड लंगडाय लागलं, पळापळीत पाय मुरगळला व्हता. काकू माझ्या दारात येऊन म्हणली, "बघितलंस? लागली का न्हाय नजर?"

पर धा दिवसांत बाकीच्या शेळ्यांच्या पापण्या लाल व्हायला लागल्या. लंगडं बोकड सुदिक तीन पायांवर तुरीत घुसलं. काकू हे समदं दारातनं बघत व्हती. अकराव्या दिवशी भर दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, ती दगडीला वढत बब्रुवानच्या वाड्यात आली. काटा परत तिथं गेलेला, म्या बी तिथंच बसलो व्हतो. फोन करून बाईंना बोलावलं. त्या स्कुटीवर आल्या.

"टांगा," काकू म्हणली आन पाठ केली.

झोळीत घालाय चौघं लागले न्हाईत. म्या एकट्यानंच उचलली. कंबरंला कळलं सुदिक न्हाय.

काटा अठरावर थांबला.

"काटा बिघडलाय," म्या म्हणलं. बब्रुवाननं पाच किलोचं माप टांगून दावलं. बरोबर पाच भरलं.

काकू वळली. काट्याकडं बघितलं. "बिघडला न्हाय रं. म्या आठ वर्सं हेच सांगायले की."

बाईंनी अठरा किलोचं औषध भरलं, थेंबबी कमीजास्त न्हाय. दगडीला एवढं बरोबर औषध जल्मात पहिल्यांदा मिळालं. तिसऱ्या दिवशी लेंड्या तपासल्या. बाईंचा फोन आला, आवाजात आनंद व्हता. "व्यंकटराव, एकही अंडं नाही! लागू पडलं औषध!"

म्या म्हणलं, "बाई, दगडी सकाळीच गेली. रातच्याला दोन पिल्लं टाकली तिनं. दोनी लेकी व्हत्या. मेलेल्या."

जंत मेले व्हते, पर तंवर त्यांनी दगडीत काय ठिवलंच नव्हतं.

जुन्या गावठाणात काकूचं घर जिथं पडलं व्हतं, तिथंच पुरायचं ठरलं. गोणपाटात बांधून म्या खांद्यावर घेतली, काकू दोन पिल्लं फडक्यात घेऊन मागं. भूकंपानं न्हाय बुडवला तो वंश केसाएवढ्या किड्यानं बुडवला. किड्यानं म्हणतो म्या. पिचकारी कुणाच्या हातात व्हती ते तुमाला ठाव हाय.

वाटंत बब्रुवाननं मोटरसायकल थांबवली. "काकू, गेली का दगडी? केवढी व्हती तशी ती?"

त्याला ठाव व्हतं. त्याच्याच काट्याला टांगली व्हती. काय तरी बोलायचं म्हणून बोलला गडी.

काकू थांबली. आता कुणाची नजर लागणार व्हती आन कशाला?

"पस्तीस किलो," ती मोठ्यानं म्हणली, पार रस्त्यापलीकडच्या शेतात ऐकू जाईल एवढ्यानं. "वीतभर कान. पाठीवर ऊन ठरायचं न्हाय. या गावात तशी दुसरी शेळी नव्हती."

बब्रुवाननं माझ्या खांद्यावरच्या हलक्या बोचक्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

"पस्तीसच," म्या म्हणलं.