कट म्हटल्यावर

"कट!" सुनीलकुमार ओरडला, तसं अनसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. तानाजी कॅमेऱ्यामागून उठून तिच्याजवळ ओट्यावर येऊन बसला. कॅमेरा मात्र त्यानं बंद केला नव्हता. पुढचा लाल दिवा जळतच होता. त्यावर त्यानं सकाळीच काळी पट्टी चिकटवली होती.

ही युक्ती दिग्दर्शक सुनीलकुमारची. रिळांच्या काळात असली उधळपट्टी कुणाच्या बापाला परवडली नसती. आता डिजिटल कॅमेरा, एक कार्ड भरलं की दुसरं घालायचं. माणसं कट म्हटल्यावरच खरी बोलतात, असं तो म्हणायचा. आणि कोहिनूरला, आपल्या गावी, शूटिंग आणलं होतं तानाजीनंच. हैदराबादेत कॅमेरा सहायक झालेला गावचा पोरगा म्हणून त्याचा भाव भलताच वधारला होता. शेजारची अनसाबाई मेंढपाळणीचं काम करायला तयार झाली तीही त्याच्याच शब्दावर.

"मावशी, श्रीदेवीची आठवण येत न्हाई का?" त्यानं विचारलं. प्रश्न सुनीलकुमारनं पढवलेला होता. अनसाबाईच्या लेकीची, श्रीदेवीची हकिकत मात्र तानाजीनंच त्याला चहा पिता पिता पुरवली होती.

अनसाबाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं. पोरीनं परजातीत लग्न करून हैदराबाद गाठलं तेव्हा नवऱ्यानं, पिराप्पानं, तिच्या नावानं आंघोळ केली होती. तेव्हापासून त्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती.

"कुणाला बोलू नगंस. रानात गेले की एका शेळीला तिच्या नावानं हाक मारते. ती वळून बघती रं. तेवढंच बरं वाटतं." ती जवळ सरकली. "लेकरू झालंय म्हणं तिला. कुणावर गेलंय, काय म्हाईत. मीच तिला जा म्हणले हुते, तानाजी. मालकाला अजून ठाव न्हाई."

संध्याकाळी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सुनीलकुमारनं ते पुन्हापुन्हा पाहिलं. "आपला सिनेमा इथंच झाला," तो म्हणाला.

"सर, हे तिच्या नवऱ्याच्या कानावर गेलं तर तिला घरात ठेवणार नाही तो."

"अरे, तो कुठं सिनेमा बघायला येतोय?"

पण तयार झालेला सिनेमा आधी गावात दाखवायचा, हा शब्दही तानाजीनंच गावाला दिलेला होता. लहानपणी जिच्या घरी तो हक्कानं ताक-भाकरी खायचा, तिलाच त्यानं गोड बोलून फसवलं होतं. त्याला स्वतःची किळस आली. रोजची कार्डं संगणकावर उतरवून घेऊन मग पुसायची, हे त्याचंच काम. त्या दिवशी ते एक कार्ड त्यानं न उतरवताच पुसलं आणि बिघडलं म्हणून सांगितलं. सुनीलकुमारनं सगळ्यांदेखत त्याची सालटी काढली. तानाजी मान खाली घालून ऐकत राहिला. त्या शिव्यांनी त्याला हलकंच वाटलं.

शूटिंग आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधायला घेतलं तेव्हा अनसाबाई आली. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"निघायलास व्हय? हैदराबादेत आमची श्रीदेवी भेटती का रं तुला?"

"शोधली तर भेटंल. कामून, मावशी?"

"काल तुझ्यापाशी बोलले बग. रातभर वाटायलं, ती मशीन चालू असताना बोलले असते तर तू तिला दावलं असतंस. तिला कळलं असतं." तिनं मागं वळून पाहिलं. "मालक रानात गेल्यात. आता घेतूस?"

तानाजीनं हातातली दोरी खाली ठेवली. त्यानं पेटी पुन्हा उघडली, कॅमेरा तिपाईवर चढवला आणि मान हलवून खूण केली. अनसाबाई ताठ झाली.

"आम्ही समदे बरे हाव. पाऊसपाणी बरं हाय. लेकराला जप." मग काही सुचेना. ती कॅमेऱ्याकडं बघत राहिली. "काल काय बोलले रं मी? तू सांग, तसंच बोलते."

तानाजीला शब्द न् शब्द पाठ होता.

"रानात गेले की," तो म्हणाला.

"रानात गेले की," ती म्हणाली.

"एका शेळीला तिच्या नावानं हाक मारते."

"एका शेळीला तिच्या नावानं हाक मारते."

बालवाडीतल्या पोरीगत ती एकेक ओळ त्याच्यामागून म्हणत गेली. डोळे कोरडे, हात मांडीवर. शेवटची ओळ झाल्यावर तिनं घाम पुसला.

"काल असंच बोलले न्हवं मी?"

"व्हय, मावशी," तानाजी म्हणाला. "असंच."