सावटाचा अर्धा चेहरा

मी एक जुने, पाठ खिळखिळी झालेले कॉमिक आहे, मित्रांनो. माझ्या पानांत सावट नावाचा नायक राहतो. आगीत त्याचा अर्धा चेहरा जळाला आणि ती आग लावणाऱ्यांच्या मागावर तो काळा डगला घालून धुक्यातून हिंडत राहिला. तो काही देवमाणूस नाही. रागाच्या भरात नको त्यालाही मारतो आणि मग एकटाच गुडघ्यांत डोके घालून बसतो. मला छापताना छपाईवाला वैतागून म्हणाला होता, "हा बाबा एकटाच सगळी काळी शाई पिऊन टाकणार!"

दुकानात मुले माझ्यावर तुटून पडत. पुढचे पान उलटायला भीत, पण मला खाली ठेवत नसत.

एका मामाने मला विकत घेतले आणि इस्पितळात भाचीला नेऊन दिले. घरभर गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. स्टोव्हचा भडका उडाल्यापासून मात्र ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. डोळे आणि ओठ सोडून चेहराभर पट्ट्या. भाजलेल्या मुलांच्या त्या लांबलचक वॉर्डात एकही आरसा नव्हता. तिन्हीसांजेला खिडक्यांच्या काचांत पांढरे चेहरे तरंगू लागत. त्यांतला आपला कोणता हे कळू नये म्हणून मुले पांघरुणात शिरत.

भिंगरीने मला उघडले. सावटाच्या जळक्या गालावर तिचे बोट थांबले ते थांबलेच.

"असलं भुताखेताचं काय आणलंत हो?" मोठ्या सिस्टर मामावर करवादल्या. "पोर झोपेत दचकेल."

त्यांनी मला उचलले, तशी कित्येक दिवसांनी भिंगरी बोलली. "नका नेऊ. मला त्याची भीती वाटते."

"मग कशाला हवा गं तो?"

"सगळेच त्याला घाबरतात. तरी तो बाहेर पडतो."

सिस्टरनी गुपचूप मला तिच्या उशीखाली सरकवले. रात्री ती शेजारच्या मुलांना कुजबुजत सावटाची गोष्ट सांगे.

पट्ट्या निघाल्या त्या दिवशी भिंगरीने आरसा मागितला. सिस्टरनी आपल्या पर्समधला दिला. ती बराच वेळ बघत राहिली. मामाने तोंड फिरवले. मग मामाची काळी शाल डोक्यावरून ओढून ती पलंगावरून उतरली. तिची सावली भिंतीवर चढत छताला टेकली. शाल तिच्या कमरेपर्यंतच होती, सावलीत मात्र डगल्याची टोके जमिनीवर लोळत होती. मी मिटलेलेच होते, मित्रांनो. पण माझी पाने आतून गार पडली, जणू कोणी उठून गेले होते.

मग एका पांघरुणातून कापरा आवाज आला, "सावट, माझ्याकडे ये ना."

ती गेली. शाल मागे सारून म्हणाली, "मीच आहे. बघ नीट."

एकेक डोके बाहेर येऊ लागले.

घरी जाताना भिंगरीने मला तिथल्या मुलांसाठी ठेवले. पुढे मी अनेक उशांखाली झोपले, मलमाच्या डागांनी भरले. मग कोणी नव्या साहेबांनी "किती भेसूर!" म्हणून मला कपाटात, जुन्या चादरींखाली टाकले. आता वाळवी लागते आहे.

मित्रांनो, पुस्तकाची पाने मुडपू नका, त्यांना ओल लागू देऊ नका. आणि चित्रे काळी आहेत म्हणून कोणाच्या हातातून पुस्तक हिसकावू नका. गोऱ्यागोमट्या राजपुत्रांच्या गोष्टींत काही मुलांना शिरायला जागाच नसते.

आत्ताही कपाटापलीकडे कोणी नवे मूल कण्हते आहे. मला स्पष्ट ऐकू येते. कोणीतरी दार उघडा.