नागिणीची अंडी

निमगाव केतकीच्या बाजारात लिंबाखाली माणसावर माणूस पडला होता. रावजीबुवा नागिणीची अंडी काढणार होता, तीही लीलाबाईच्या डोळ्यातून!

आठ दिवसांपूर्वी लीलाबाईच्या कपाळावर नागीण उठली. फोडांची रांग पापणीपर्यंत उतरली, डोळा लाल झाला, उजेड सोसेना. बारामतीच्या डॉक्टर करुणाताईंनी गोळ्या देऊन बजावलं होतं, "एकही चुकवू नका." पण तीन दिवसांत बुवाचा निरोप आला : औषधानं नागीण चवताळते. आणि सून रेश्मानं गोळ्यांची पाकिटं फळीवर ठेवून दिली. आज सासूला इथवर तिनंच धरून आणलं होतं.

"आत्या, घाबरू नगा."

"घाबरत न्हाय गं. सुईत दोरा ओवता आला म्हंजी झालं. नातीची वाकळ अर्धी ऱ्हायलीय."

बुवानं बोटावर काजळ घेतलं, खालची पापणी ओढून आत फिरवलं आणि लागला घुमायला :

"नागिणी नागिणी, सोड पापणी,
तुझी पिल्लं नेतो वारुळाच्या कोनी!"

म्हातारीच्या डोळ्याला धार लागली. "हलू नगंस आजे, आत पोटुशी बसलीय!" बुवा गरजला. गाणं पुन्हा पुन्हा झालं. मग त्यानं पापणीच्या कडेचं काहीतरी कापसानं टिपून पांढऱ्या फडक्यावर मांडलं. एक. दोन. तीन. पाणीदार, बुळबुळीत, मधे काळा ठिपका.

"अंडी!" गर्दी शहारली. शंभर हात जोडले गेले.

रेश्मानंही जोडले. मग तिची नजर फडक्यावर खिळली. याच बाजारात तिचा सरबताचा गाडा होता. असली 'अंडी' ती रोज सकाळी पातेलंभर भिजवत होती!

ती धावत जाऊन पेला आणि डबी घेऊन आली. पाण्यात चिमूटभर काळं बी सोडलं.

"पाच मिंटं थांबा समदी. बुवा, तुमी तवर गाणं म्हना."

"बाई, नागीण कोपंल!"

"कोपू द्या. थंड सरबत पाजते तिला."

कुणीतरी फिसकन हसलं. पेल्यातलं बी फुगलं. भोवती पाण्याचा वेढा, मधे काळा ठिपका. गर्दीतले म्हातारे सर्जेराव पुढं वाकून म्हणाले, "आरं, ह्यो तर सब्जा!"

रेश्मानं बुवाची काजळाची डबी हिसकावली, काजळ तळव्यावर रगडलं. काजळात कोरडं बी खरखरलं.

"काळ्यात काळं लपवायचं, म्हातारीच्या आसवांनी फुगवायचं. गाणं कशाला? बी फुगंस्तवर!"

बुवा फडकं टाकून सटकला. लोक हसले. रेश्माला हसू आलं नाही. तिनं सासूला घेऊन बारामतीची एसटी गाठली.

करुणाताईंनी डोळा तपासला. "नागीण म्हणजे साप नाही. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू नसांत झोपून राहतो, उतारवयात जागा होतो. आता तो डोळ्याच्या आत शिरलाय, तिथं सूज आलीय. गोळ्या त्याची वाढ रोखतात, थेंब सूज उतरवतात. पण पाच दिवस त्याला रान मोकळं मिळालं."

"माझ्यापायी," रेश्मा म्हणाली.

डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढं केला. "आजची गोळी इथंच, माझ्यासमोर."

दीड महिन्यानं ठणका गेला, लाली गेली. थोडं धुकं मात्र त्या डोळ्यात कायमचं राहिलं. लीलाबाई वाकळ शिवते. दोरा रेश्मा ओवून देते.

गाड्यावर कुणी चमत्काराची गोष्ट काढली, की रेश्मा पाण्यात बी टाकते आणि सांगते, "पाच मिंटं थांबा, आपल्या डोळ्यानं बघा, मग हात जोडा. आन् कपाळावर नागीण उठली, डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोळी मधी सोडू नगा. मी सोडायला लावली व्हती."