गुरुवारी बंद असलेला गड

सोमवार, १३ जानेवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी कासारवाडीतील आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या मागच्या खोलीत तीन म्हातारे, दोन कॅरम बोर्ड आणि एक संगणक हजर होते. संगणक माझा होता. बोर्ड यशवंतरावांचे होते. खोली कोणाची, हा वादाचा मुद्दा होता.

यशवंतराव एका गिअर कारखान्यातून पर्सोनेल ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीची बातमी त्यांच्या आवाजापर्यंत अजून पोहोचलेली नाही. संगणकावर गड बांधण्याचा खेळ खेळणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी अख्खी खोली अडवणे त्यांना मान्य नव्हते. त्यातला दुसरा म्हातारा म्हणजे मीरासाहेब, हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्यात हयात घालवलेला माझा मित्र. पहिला मी, धम्मरत्न, तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन टूलरूममध्ये नोकरी केलेला. घरी माझे मत आता भाजीतल्या मिठाबाबतही विचारले जात नाही. या खोलीत मात्र पडद्यावरचे सात दाढीवाले बुटके मी सांगेन तिथे खणत. ही खोली गमावणे मला परवडणारे नव्हते.

शेवटी यशवंतरावांनीच अट घातली. खेळातल्या नकाशावरची सर्वांत अवघड जागा निवडायची आणि तिथे जमिनीखाली गड खणायचा. खेळातले एक वर्ष संपताना गडावर एक तरी कामगार शिल्लक असेल तर खोली आमची. नसेल तर कॅरमची.

अवघड जागा शोधणे वाटते तितके सोपे नसते. नकाशावर कवटीचे चिन्ह दिसेल तिथे बोट ठेवणे, ही मीरासाहेबांची पद्धत. मी मात्र निकष ठरवले. वर झाड नको, मातीखाली पाझरता थर हवा, त्याखाली जनावरांनी भरलेली गुहा हवी आणि तळाशी वितळलेला खडक. एक जागा सर्व बाबतींत उत्तम निघाली, पण शेजारच्या गावचे लोक प्रेमळ होते, म्हणून मी ती नापास केली. दुपारपर्यंत मीरासाहेबांचा धीर सुटला.

"रस्ता नको, सावली नको, आत गेलेला माणूस वर्षभर अडकला पाहिजे," ते म्हणाले. "मग चाकण चौक काय वाईट आहे, धम्माभाऊ?"

चाकण चौकाखाली वितळलेला खडक असल्याची नोंद नसल्याने मी ती सूचना फेटाळली.

संध्याकाळी मनासारखी वाईट जागा मिळाली आणि दुसऱ्या दिवशी खोदकाम सुरू झाले. प्रेसचा पाया घेताना खड्ड्याला पाणी लागले की आम्ही जे करत असू, तेच केले. खड्डा हवा त्याहून रुंद घेतला, आत दगडी कडे बांधले, मधले पाणी उपसले आणि खाली उतरलो. गुहेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवले. यशवंतराव हातात स्ट्रायकर घेऊन मागे उभे राहत आणि एकाही बुटक्याच्या डोक्यावर हेल्मेट नसल्याकडे लक्ष वेधत.

मग खेळाने प्रत्येक बुटक्याचा सुटीचा वार वेगवेगळा विचारला. मी सातही वेळा गुरुवारवर खूण केली. मीरासाहेबांनी मान डोलावली. यशवंतरावांनीसुद्धा हरकत घेतली नाही. आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखाने बंद असतात. सुटी दुसऱ्या वारी असू शकते, हे तीन अनुभवी डोक्यांपैकी एकातही आले नाही. गुहेतल्या जनावरांनी मात्र औद्योगिक पट्ट्यात कधी नोकरी केलेली नव्हती.

वर्ष संपत आले असताना एका गुरुवारी बैलगाडीएवढे आंधळे गांडूळ वर चढले. फाटक सताड उघडे होते, कारण ते लावणारा सुटीवर होता आणि इतरांसोबत जेवणघरात घोरत होता. गांडुळाने जेवणघर आटोपले, तेव्हा आमचा चहासुद्धा निवला नव्हता.

यशवंतरावांनी बोर्डावर पावडर टाकली.

मीरासाहेब पडद्यावरच्या मृतांच्या यादीवर बोट ठेवून नावे मोजत होते. ती सहा भरली. सातवा बुटका आदल्या दिवशी दारू पिऊन कोठारापाशी मारामारी करताना सापडला होता, म्हणून मी त्याला कामावरून दूर करून कोठडीत घातले होते. खणण्याचे श्रम वाचावेत म्हणून कोठडी अळंबीच्या वाफ्यातच काढलेली होती. गडावर बंद असलेले एकमेव दार तिचे होते. गांडूळ ते हुंगून परत गेले. उरलेले आठवडे त्या इसमाने अळंबी खाऊन आणि पाझरती भिंत चाटून काढले, आणि वर्ष संपले.

"हा कामगार नाही," यशवंतराव म्हणाले. "हा कैदी आहे."

"कैदी नव्हे, निलंबित," मी म्हणालो. "निलंबित माणूस कामगारांच्या पटावर असतो की नसतो, ते तुम्हीच सांगा."

डाव लांबवणे यशवंतरावांना जमले असते. नियम चुकीचा सांगणे जमणारे नव्हते.

"चौकशी पूर्ण होईपर्यंत असतो," ते म्हणाले.

"आणि चौकशी करणार कोण, राव?" मीरासाहेबांनी विचारले. "गडावरचे बाकी सगळे गांडुळाच्या पोटात."

यशवंतरावांनी फडक्याने पावडर पुसली आणि दोन्ही बोर्ड काखेत मारून ते बाहेर गेले.

वर्षअखेर गडाच्या पटावरील कामगार: एक.