मालक नसलेल्या इमारतीतली लिफ्ट

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे आणि मला उंचीची भीती वाटते. हसू नका. ज्याला जन्मभर दोरावर लोंबकळायचं असतं, त्याला पायाखालची पोकळी कधी विसरता येत नाही.

मला एका गोंगाटाच्या कारखान्यात घडवलं. गुळगुळीत लाकडी फळ्यांचा डबा, पितळेचा कठडा, एक आरसा आणि सरकता जाळीचा दरवाजा. या सहा मजली इमारतीत मला बसवलं तेव्हा सगळी गल्ली बघायला लोटली होती. लोक आत शिरताना चपला झटकायचे, आरशात बघून केस सारखे करायचे. इमारतीचे मालक पहिल्या मजल्यावर राहत. ते स्वतः उभे राहून माझं पितळ पुसून घेत. मी तेव्हा लोण्यासारखी वर जायची.

पण कौतुकाला ओहोटी लागायला वेळ लागत नाही. भाडी होती तिथेच राहिली आणि जागेचे भाव आभाळाला भिडले. मालकांची नजर फिरली. एका दुपारी ते माझ्यात उभे होते. बरोबर दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, वकीलसाहेब होते.

"लिफ्टवर आता खर्च करायचा नाही," मालक म्हणाले. "म्हातारी माणसं जिने चढून थकली की आपणहून जातील. मग इमारत पाडायला मोकळी."

वकीलसाहेब स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

त्या दिवशी माझी जुनी भीती दुणावली, ती आजतागायत मुक्कामाला आहे. मिस्त्री यायचा बंद झाला. माझ्या पुल्या कोरड्या पडल्या. वर जाताना मी कण्हू लागले, आणि माणसं माझ्यात श्वास रोखून उभी राहू लागली. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. सगळे त्यांना हेडबाई म्हणत. त्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे माझ्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. त्या कठडा घट्ट धरायच्या. त्यांच्या तळहाताचा घाम मला कळायचा.

मग एके सकाळी मालक गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रही नव्हतं, कारण ते करायचं तर मरणाचा विचार करावा लागतो आणि मालक त्याला भारी घाबरायचे. सगळी इमारत, शिवाय बँकेतला मोठा पैसा, एका पुतणीकडे गेला. संपात भाग घेतला म्हणून मालकांनी तिला पूर्वी घराबाहेर काढलं होतं. ती शहरात बस चालवायची.

इमारतीत एकच घबराट उडाली. नवी मालकीण विकणार, बिल्डर येणार, आपण रस्त्यावर. माझ्यात दोन माणसं चढली की हाच विषय.

"ती अराजकवादी आहे म्हणे," तळमजल्यावरचा शिंपी एकदा म्हणाला.

"म्हणजे काय असतं?" हेडबाईंनी विचारलं.

"म्हणजे मालक नको, साहेब नको, सरकार नको. सगळ्यांनी मिळून बघायचं."

"मग लिफ्ट कोण बघणार?"

शिंप्याने माझ्या कुरकुरणाऱ्या छताकडे पाहिलं. मला तर घामच फुटला असता, लोखंडाला फुटत असता तर.

पुतणी आली ती बसच्या गणवेशातच. पहिल्याच दिवशी तिचं नाव ड्रायव्हरताई पडलं. तिने सगळ्यांना माझ्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत बोलावलं. खुर्च्या घरोघरच्या आणल्या, म्हणून एकही दुसरीसारखी नव्हती.

"मला ही इमारत मिळेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं," ती म्हणाली. "मी कुणाचं भाडं घेणार नाही. आयुष्यभर म्हणत आले की माणसाने माणसाचा मालक होऊ नये. आता वेळ आली म्हणून शब्द फिरवला तर मला झोप लागणार नाही. इमारत इथे राहणाऱ्या सगळ्यांच्या मिळून नावावर करतेय. राहायचं तोवर राहा, पण आपला वाटा कुणाला विकता येणार नाही. अर्धा पैसा आमच्या संपकऱ्यांच्या स्वयंपाकघराला आणि मोफत दवाखान्याला देतेय. उरलेला इथल्या दुरुस्तीला. कशावर खर्च करायचा ते मी सांगणार नाही. तुम्ही बसून ठरवा. मला तळमजल्यावरची रिकामी खोली दिलीत तर मीही तुमच्यातलीच एक."

माणसं आनंदापेक्षा जास्त बावरली होती.

"लोक वारशात घर घेतात, ताई," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही भानगड घेतलीत."

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. बैठका सुरू झाल्या आणि मारुतीच्या शेपटीसारख्या लांबत गेल्या. वरच्यांना गच्चीची दुरुस्ती आधी हवी, खालच्यांना गटाराची. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट लागतच नव्हती. प्रत्येकाचं म्हणणं ऐकायचं, कुणावर लादायचं नाही, म्हणून प्रत्येक निर्णय पुढच्या रविवारी जायचा. मी जाळीतून ऐकत होते. माझ्या एका दोरातली तार तुटली होती. मग आणखी एक. टक्. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त वर जाता येतं आणि खाली येता येतं.

ड्रायव्हरताईने तो आवाज ऐकला. ती हेडबाईंबरोबर वर येत होती. इंजिनाचा आवाज ओळखणारी बाई ती. तिने छताकडे कान लावला.

"बाई, ऐकलंत? हिच्या दोराचं काहीतरी बिघडलंय."

"मग बंद करून टाक. तू म्हणालीस तर कोण नाही म्हणेल?"

"तेच तर भय आहे. आज माझ्या शब्दाने लिफ्ट बंद झाली की उद्या सगळे माझ्याच शब्दाची वाट बघतील. मग काकांत आणि माझ्यात फरक काय? बैठकीत सांगते."

तिने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, काळजी दाखवली, आणि मिस्त्री कुठला बोलवायचा यावर वाद घातला. निर्णय पुढच्या रविवारी. ड्रायव्हरताई उठून माझ्या मुख्य स्विचपाशी आली. त्यावर हात ठेवून उभी राहिली. मी मनोमन विनवत होते, पाड बाई, स्विच पाड, मला बंद कर. तिने हात काढून घेतला.

दोन दिवसांनी हेडबाई औषधं घ्यायला निघाल्या. चौथा मजला मागे पडला आणि वरती दोर तुटला. बाकीच्या दोरांना एकदम हिसका बसला, पुलीवरून ते सरसरून घसरले, आणि मी सुटले. जिची भीती मी जन्मभर बाळगली तीच पोकळी माझ्याकडे धावत येत होती. हेडबाईंनी दोन्ही हातांनी कठडा धरला. मग माझ्या तळाशी असलेल्या, कित्येक वर्षांत तेल न पाहिलेल्या ब्रेकच्या जबड्यांनी रुळांना कडकडून चावा घेतला. मी थांबले. अर्धी तिसऱ्या मजल्याच्या फरशीच्या वर, अर्धी खाली.

"कुणी आहे का?" हेडबाईंनी बारीक आवाजात हाक मारली.

जिन्यात पावलांचा धडधडाट झाला. ड्रायव्हरताईने आधी स्विच पाडला. शिंप्याने दाराची जाळी उचकटली. आणि सर्वांत पुढे, पांढऱ्या शर्टासकट फरशीवर पालथे पडलेले, वकीलसाहेब होते.

"बाई, वर बघू नका, खालीही बघू नका, माझ्याकडे बघा," ते म्हणाले. त्यांनी आत एक स्टूल सोडलं. बाई त्यावर चढल्या. स्टूल डगमगलं तशी मी सगळं लोखंड आवळून धरलं. शिंप्याने आणि वकीलसाहेबांनी त्यांना बगलांत धरून अलगद बाहेर ओढलं.

त्या संध्याकाळी पुन्हा सगळे खाली जमले.

"हे असं नाही चालायचं," कुणीतरी म्हणालं. "ताई, तुम्हीच मालकीण व्हा. तुम्ही सांगाल ते आम्ही करू."

बघता बघता सगळे तेच म्हणू लागले. भ्यालेल्या माणसांना मालक हवासा वाटतो, हे मी तेव्हा पाहिलं. ड्रायव्हरताई एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ती हो म्हणेल असं मला वाटलं. खरं सांगते, तिने म्हणावं असंही वाटलं.

तेव्हा हेडबाई बोलल्या. गुडघ्यावर शाल होती, आवाज मात्र वर्गातला. "मालक होता तेव्हाच हिचे दोर कुजले. आत अडकले तेव्हा मी मालकाला हाक मारली नाही. ज्याला ऐकू गेलं तो आला."

वकीलसाहेबांनी खाली मान घातली. "मालक लिफ्ट मुद्दाम मोडीत काढत होते," ते म्हणाले. "मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

ड्रायव्हरताईने डोळे पुसले. "चूक माझीही आहे. रस्त्यात खड्डा दिसला तर बस थांबवायला मी बैठक घेत नाही. धोका दिसला की स्विच पाडायला मालक व्हावं लागत नाही, एवढं मला कळायला हवं होतं. यापुढे ज्याला धोका दिसेल त्याने थांबवावं आणि मग सगळ्यांना बोलवावं. पण मालकीण मी होणार नाही. तुमच्याइतकीच मीही घाबरलेय. घाबरलेल्या माणसाच्या हातात सगळं देऊ नका."

शेवटी तिच्या म्हणण्याला हात वर झाले. काही पटकन, काही नाइलाजाने. मला नवे दोर आले. ब्रेकला तेल मिळालं. दर महिन्याला मिस्त्री येतो, आणि त्याच्याबरोबर गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत पाळीपाळीने एकेका घरचं माणूस जातं. वकीलसाहेबांची पाळी असली की ते कुरकुर करतात, पण बाह्या सारून बॅटरी धरतात. बैठका अजूनही लांबतात. बिल्डरची माणसं अजून गल्लीत गाडी थांबवून वर बघतात. ड्रायव्हरताई त्यांच्याकडे बघते, आणि माझ्यात चढली की एक खोल श्वास घेते. माझी भीतीही गेलेली नाही. फक्त ती आता मला एकटीला वाहावी लागत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घराजवळ माझ्यासारखं काही असेल. जिना असेल, नळ असेल, पूल असेल. ते कण्हू लागलं तर कान द्या, आणि 'कुणीतरी बघेल' म्हणून पुढे जाऊ नका. इतकी वर्षं मी माणसं वाहते आहे. त्या 'कुणीतरी' नावाच्या माणसाची आणि माझी अजून गाठ पडलेली नाही.