मनुबाई म्युझिक

बाळकुमच्या सुदेशने वीस वर्षं बेंजो वाजवला. हळदीत वाजवला, मिरवणुकीत वाजवला, मुंबईतल्या एका कंपनीच्या कोळीगीतांतही वाजवला. नाव कुठेच छापून आलं नाही, त्याचं त्याला काही वाटलं नाही. तो पेटला तो आईवरून.

आई मनुबाई धवलारीण. लग्नाच्या मांडवात गाणी म्हणायला तिला गावोगावहून बोलावणं यायचं. सुदेशची मुलगी मेघाली तिच्याजवळच गायला शिकली. कंपनीच्या साहेबाला मेघालीचा आवाज आवडला.

"मुलगी घेतो," तो म्हणाला. "गाणीही आजीचीच घेऊ. पण आजीचा आवाज नको, जुनाट वाटतो. नावाच्या जागी 'पारंपरिक' टाकू."

"त्यातली दोन आईने स्वतः रचलीत."

"कुणाला कळणारे?"

सुदेश उठला आणि मेघालीला घेऊन घरी आला. बायको निशा वकिलाच्या ऑफिसात कामाला. तिने महिन्याभरात घरच्याच म्युझिक लेबलची कागदपत्रं केली. नाव ठेवलं, मनुबाई म्युझिक.

"माज्या नावाची कंपनी? लोकं हसतील रं!" म्हातारी लाजली.

"हसू देत," सुदेश म्हणाला.

सातव्या मजल्यावरच्या त्यांच्या घरातल्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग सुरू झालं. ढोलकीवर सुदेशचा भाऊ प्रणित. पण आईने रचलेलं पहिलंच गाणं काही जमेना. शेवटी मेघालीच म्हणाली, "पप्पा, वाजवताना तुम्ही फक्त स्वतःचं ऐकता. बाहेर बसून सगळ्यांचं ऐका ना."

सुदेशला ते लागलं. तरी त्याने बेंजो पुतण्याला, संदेशला दिला आणि कानाला हेडफोन लावले. दोन ओळींच्या मधला आईचा श्वास त्याला पहिल्यांदाच ऐकू आला. ते गाणं त्याने तसंच ठेवलं, श्वासासकट.

गाणं ऑनलाइन टाकलं, पण दोन महिने कुणी विचारलं नाही. मग कल्याणच्या एका हळदीत नवरी त्या गाण्यावर नाचली, तो व्हिडिओ फिरला, आणि लग्नाचा सीझन संपेपर्यंत डोंबिवली-कल्याणात त्या गाण्याशिवाय हळद लागेना. बोलावणी सांभाळता सांभाळता सुदेश घरच्या ग्रुपचा मॅनेजर कधी झाला, त्यालाही कळलं नाही.

डोंबिवलीच्या मैदानातल्या कार्यक्रमाला तोच साहेब स्टेजमागे आला. "सगळ्यांना घेतो, आजींनापण. फक्त गाण्यांचे हक्क द्या."

"हक्क आईचे आहेत," सुदेश म्हणाला. "तुमच्याकडे कुणी चांगलं गाणारं असेल तर आमच्याकडे पाठवा."

तेवढ्यात निवेदकाने पुकारलं, "गीत, चाल आणि आवाज, मनुबाई!"

मनुबाईने पहिली ओळ म्हटली. दुसरी तिच्याआधी मैदानातल्या बायकांनी उचलली. ती थांबली, त्यांचं ऐकत राहिली, मग माइकवरच म्हणाली, "अगं बाय, तुमाला तर माज्यापेक्षा बेस येतंय!" सगळं मैदान हसलं आणि आणखी जोरात गाऊ लागलं. पडद्याआड सुदेश डोळे पुसत होता आणि तशातच संदेशला खुणावत होता, लय पळवू नको.

आज त्या लेबलवर अकरा धवलारिणी गातात. प्रत्येकीचं नाव गाण्याच्या आधी येतं.